खिडक्यांचा चहा

१४ सप्टेंबर
बाहेर ७ डिग्री. आत २०.

ओग्दो आज सकाळी शहराला गेली. आमच्या लेकीचं, कुन्नेइचं, पहिलं बाळंतपण, आईने जायलाच हवं. पुढच्या महिन्यात नदी गोठायला लागली की बोटी बंद. नदीवरचा बर्फ पक्का होऊन गाड्या सुरू व्हायला डिसेंबर उजाडतो. तोवर घर, दोन गायी, एक कालवड, कुत्रा आणि येणारा हिवाळा, सगळं माझ्या हाती.

गाडीचं दार लागेपर्यंत तिची टकळी चालू होती. म्हणे, म्हाताऱ्या, कपाटाच्या दारावर यादी चिकटवलीय, रोज वाच. म्हणे, अडलं तर प्रोकोपीला हाक मार, लाज बाळगू नकोस. प्रोकोपी हा तिचा धाकटा भाऊ. आमच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत एकशे चाळीस पावलं, मी मोजलेली आहेत. सातवीत माझ्याकडे भौतिकशास्त्रात नापास झालेला माणूस. त्याला मी हाक मारायची!

एकतीस हिवाळे मी या घराची तयारी केली आहे. ओग्दो हाताखाली असायची, ते वेगळं.

यादी वाचली. सतरा कामं. क्रम अशास्त्रीय आहे. काढून आरशामागे ठेवली. उद्यापासून स्वतःचं वेळापत्रक.

१५ सप्टेंबर
वेळापत्रक आखलं. तीन रंगांच्या पेन्सिली लागल्या. लाल म्हणजे तातडीचं. फार सुंदर झालंय. कामाला सोमवारपासून सुरुवात.

२६ सप्टेंबर
बाहेर २.

सोमवारी पाऊस होता. पुढच्या सोमवारी पाठ धरली. माणसाने शरीराचंही ऐकावं.

३ ऑक्टोबर
बाहेर उणे ५. आत १७.

हिवाळी खिडक्या बसवायला घेतल्या. दरवर्षी काचेमागे दुसरी चौकट बसते, मधे कापूस, फटींना खळीचा कागद. अर्ध्या दिवसाचं काम. चौकटी माळ्यावर नाहीत. गोठ्यात नाहीत. मग आठवलं. जूनमध्ये मीच त्या परसात नेल्या होत्या, काकडीच्या वाफ्यावर झाकायला. काच, ऊन, आतली उष्णता बाहेर पडत नाही, साधं विज्ञान. काकड्या अकरा आल्या.

कालवड केव्हातरी त्यावर चालून गेली आहे. चौदा तावदानांपैकी शाबूत चार.

यात माझी चूक नाही. काकड्या ओग्दोलाच आवडतात.

१० ऑक्टोबर
बाहेर उणे ११. आत १६.

गोठा सारवायला काढला. गारठा बेताचा असतानाच शेण आणि पाणी कालवून भिंतीला बाहेरून थर द्यायचा, गोठू द्यायचा, वर दुसरा, तिसरा. पश्चिमेची भिंत संपवली. झकास झाली. प्रोकोपी कुंपणावर कोपर टेकून बघत उभा. म्हणाला, मास्तर, ताईने सगळा गोठा तासात सारवला असता. मी म्हटलं, मी दर्जा बघतो. तो म्हणाला, बघा बघा, गाय पण बघतेय.

वारा आमच्याकडे पश्चिमेचा. बाकीच्या तीन भिंतींना घाई नाही.

२१ ऑक्टोबर
बाहेर उणे १९. आत १६.

नात झाली! तीन किलो चारशे ग्रॅम. दोघी सुखरूप. कुन्नेइने फोनवर दाखवली. इवलंसं लालभडक तोंड, डोळे मिटलेले, पण कपाळ माझं. मोठं. विचारी.

रडलो. थोडंच. कुत्र्याने पाहिलं, बाकी कोणी नाही.

ओग्दोला म्हटलं, नदीचा रस्ता सुरू झाला की तिघी घरी या, नवं वर्ष इथे करू. लहान खोली बाळाला. ती म्हणाली, म्हाताऱ्या, तेव्हा दोन महिन्यांचं लेकरू असेल, खेळ नाही. लहान खोलीत बावीस डिग्री पाहिजे, आणि रोज पाहिजे, तू खूश असशील त्या दिवशी नाही. नसेल तर मी मेपर्यंत इथेच राहते आणि गायी प्रोकोपीकडे दे.

गायी प्रोकोपीकडे! मी शब्द दिला. बावीस म्हणजे बावीस. अठ्ठावीस डिसेंबर ठरला. त्या मुलीला मी माझ्या घरात, माझ्या हातात घेणार. हे जमलं नाही तर मी कशाचा शिक्षक.

आरशामागची यादी काढून पुन्हा दारावर लावली. उलटी. मागची बाजू कोरी आहे, नवं वेळापत्रक तिथे करता येईल.

४ नोव्हेंबर
बाहेर उणे २८. आत १५.

आज वर्षाचा पिण्याचा बर्फ लाद्या कापून काढला. सगळी गल्ली तळ्यावर. बर्फ हातभर जाड, वर हिम साचलेलं नाही, काचेसारखा आरपार. हाच दिवस दरवर्षी गाठायचा असतो, कारण मेपर्यंत चहा, सूप, आंघोळ, सगळं याच लाद्या वितळवून. मला पोचायला जरा उशीर झाला, घरी हिशेब मांडत होतो. एक माणूस, दिवसाला दहा लिटर, सहा महिने. गायी तळ्यावरच्या भोकातून पितात, त्यांचा प्रश्न नाही. उत्तर चाळीसच्या आत. म्हटलं सेहेचाळीस लाद्या घेऊ, माणसाने सढळ असावं.

प्रोकोपी ट्रॅक्टरवरून म्हणाला, मास्तर, दोन खेपा टाकतो की तुमच्या दारात, पाहुणे यायचेत ना. मी त्याला सगळ्यांसमोर गणित समजावलं. तो म्हणाला, बरं. बायका हसत होत्या, कशाला ते कळलं नाही.

तिथेच कल्पना सुचली. माझ्या आजोबांच्या लहानपणी काचा कुठे होत्या? तळ्याच्या बर्फाची लादी खिडकीत बसवायचे लोक, मार्चपर्यंत टिकायची. म्हणजे चौकटी नसल्या म्हणून काही बिघडत नाही. सेहेचाळीसपैकी सात सर्वांत स्वच्छ लाद्या बाजूला काढल्या. घराला खिडक्या सात.

६ नोव्हेंबर
बाहेर उणे ३१. आत २०!

झालं! प्रत्येक लादी करवतीने वीतभर जाडीची केली, काचेबाहेर बसवली, कडा ओल्या हिमाने लिंपल्या. पाच मिनिटांत दगड. वारा बंद. आत निळसर उजेड पडतो. लहान खोलीची खिडकी तर इतकी नितळ, की तळ्यातली गवताची एक काडी मधोमध अडकलेली दिसते. बाळाला दाखवणार.

प्रोकोपी आला, बोटाने टकटक करून पाहिलं. मग म्हणाला, मास्तर, हे मात्र मानलं. एवढं बोलून गेला.

हे वाक्य तारखेसकट नोंदवून ठेवतो. या आनंदात आज दुसरं काम केलं नाही.

११ नोव्हेंबर
बाहेर उणे ३४. आत २०.

गायींचं भोक रोज पहारीने फोडून मोकळं ठेवावं लागतं. चार दिवस नुसतं वरवर टोकरलं होतं (आनंद). बर्फ चांगलाच धरला होता. पहार घातली, एक घाव, दोन घाव, तिसऱ्याला बर्फ एकदम फुटला आणि पहार हातातून निसटून सरळ तळाला.

पहारीच्या डोक्याला दोरीचा फास असतो. तो मनगटात अडकवायचा असतो. हे गावात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही आहे. पण हातमोजा जाड होता.

१२ नोव्हेंबर
प्रोकोपीची पहार मागून आणली. कशाला ते सांगितलं नाही. तो म्हणाला, फास मनगटात घाला हं मास्तर. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

१३ नोव्हेंबर
बाहेर उणे ३६. आत १९.

योजना अशी होती. शाळेतल्या जुन्या लाउडस्पीकरचा चुंबक दोरीला बांधून भोकात सोडायचा. लोखंडाची पहार चिकटणार. ओढायची. सिद्धान्तात कुठेही खोट नव्हती. पहार चिकटली! वर येत होती! एका हाताने दोरी धरली आणि भोक रुंद करायला दुसऱ्या हाताने प्रोकोपीची पहार चालवली. दोरी हिवाने कडक झालेली, तुटली. ती पकडायला झेप घेतली, त्यात दुसरी पहार सुटली.

तळ्यात आता दोन पहारी आणि एक चुंबक.

प्रोकोपीला सांगावं लागलं. त्याने तळ्याच्या दिशेने बघितलं आणि टोपी काढली, मयताला काढतात तशी.

१४ नोव्हेंबर
तिसरी पहार कोणाकडे मागू? गल्लीत आता सगळे हातमोजा वर करून मला फास दाखवतात. गायींना घरचाच बर्फ वितळवून पाजतो. थोडे दिवस.

१९ नोव्हेंबर
बाहेर उणे ३९. आत १८.

गाय दिवसाला तीस लिटर पाणी पिते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ओग्दोने यादीत लिहिलंय, पण कंसात.

रोज एक लादी जाते. एवढं पाणी वितळवायचं म्हणजे सरपणही जातं. हिशेब नव्याने करायला हवा. केला नाही.

२२ नोव्हेंबर
लाद्यांच्या ढिगाचा खालचा थर पिवळा दिसला. मोयतोरुक. दहा वर्षांचा कुत्रा, इतकी वर्षं कधी असं केलं नाही. ओग्दो लाद्या नेहमी फळ्यांच्या मचाणावर रचते. मला वाटायचं, शोभेसाठी.

आठ लाद्या बाद. कुत्र्याशी बोलणं बंद केलंय.

२७ नोव्हेंबर
बाहेर उणे ४३. आत १७.

गोठ्याच्या उरलेल्या भिंती. शेण फावड्यावरच गोठतं. भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि पोचलं तर आपटून टण्णदिशी उडतं. एक ढेकूळ कपाळावर बसलं. गरम पाणी घालून पाहिलं. पाण्याचा बर्फ. पूर्वेच्या भिंतीच्या फटीतून आत हिम आलंय. कुबा, म्हणजे थोरली गाय, फेब्रुवारीत विणार आहे. तिच्या पापण्यांवर पांढरं धरलेलं. मी जुनी गोणपाटं ठोकली. ती माझ्याकडे बघत होती. ओग्दो बघते तशीच.

वारा यंदा पूर्वेचा आहे. हे कसं काय, समजत नाही.

२ डिसेंबर
बाहेर उणे ४५. आत १६. (चुलीवरच्या फळीवर २६.)

व्हिडिओ कॉल. थर्मामीटर चुलीवरच्या फळीवर ठेवून दाखवलं. हे खोटं नाही. फळी घरातच आहे.

ओग्दो म्हणाली, सव्वीस आहे तर घरात टोपी का घातलीयस? मी म्हटलं, केस कापलेत. म्हणाली, नाक एवढं लाल कशाने? मी म्हटलं, चहा पितोय. म्हणाली, कप कुठे आहे? मी म्हटलं, आताच संपला. मग म्हणाली, बाहेर लाद्या किती उरल्या रे? मी म्हटलं, ढीगभर.

तेवढ्यात कुन्नेइने बाळाला पुढे केलं, म्हणून सुटलो. पोरगी आता हसते. आवाज ऐकला की मान वळवते. मी म्हटलं, ये ग बाई, आजोबा वाट बघताहेत. तिने मान वळवली. फोनच्या दिशेने. सगळ्यांनी पाहिलं.

काहीही करून बावीस करायचे.

४ डिसेंबर
प्रोकोपी आला होता. दारातूनच विचारलं, मास्तर, काही हवंय का? मी म्हटलं, छे छे, सगळं व्यवस्थित. तो उभा राहिला. पुन्हा म्हणाला, नक्की ना? मी म्हटलं, तुझी भेटीची हौस समजते, पण मला कामं आहेत.

तो जाईपर्यंत दात वाजू दिले नाहीत. ही साधी गोष्ट नाही.

९ डिसेंबर
बाहेर उणे ४८. आत १५.

लाद्या संपल्या. स्वच्छ लादी एकही नाही. पिवळ्या आठ आहेत. त्यांच्याकडे पाहिलं. नाही.

हिम वितळवलं. दहा बादल्या हिमाची एक बादली होते. वर सगळ्या गावाच्या धुराड्यांची काजळी. चहाला जळक्या चिंधीची चव. मी प्यायलो, मी सुशिक्षित आहे. कुबाने हुंगलं आणि तोंड फिरवलं. धाकटीने बादली पाडली.

१० डिसेंबर
सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बसून विचार करत होतो. ऊन लादीवर पडलेलं. काय नितळ बर्फ. काय सुंदर बर्फ.

११ डिसेंबर
बाहेर उणे ४९. आत १४.

स्वयंपाकघराची खिडकी काढली. तात्पुरती. काचेवर घोंगडी लावली. निम्मी खिडकी, निम्मं हिमाचं पाणी असं मिसळलं तर गायी पितात. हा माझा शोध.

पहिला कप मी घेतला. आज दोन दिवसांनी चहा चहासारखा लागला. दुसरा पण घेतला.

१४ डिसेंबर
बैठकीची डावी खिडकी.

१५ डिसेंबर
नदीवरचा रस्ता सुरू झाला असं रेडिओवर सांगितलं. इतर वर्षी या बातमीने आनंद व्हायचा.

१७ डिसेंबर
बाहेर उणे ५१. आत १२.

बैठकीची मधली. बैठकीत आता दिवसा दिवा लागतो. घोंगड्या संपल्या, ओग्दोचा लांब कोट लावला. सरपणाचा ढीग अर्ध्यावर, आणि हिवाळ्याच्या बैलाची शिंगं (आमच्याकडे थंडीला बैल म्हणतात, शिंगं मोडली की ती ओसरते) अजून वाढताहेत, मोडायला जानेवारी संपावा लागेल. काकडीच्या वाफ्यावरच्या चौकटी फोडून जाळल्या. चार शाबूत तावदानं होती ती आधी काढायला हवी होती. तडतडून फुटली तेव्हा लक्षात आलं.

२० डिसेंबर
बैठकीची उजवी. बैठक बंद केली. दाराला गोणपाट. घर लहान असलेलंच बरं, शास्त्रीयदृष्ट्या.

२२ डिसेंबर
बाहेर उणे ५३. आत १०. लहान खोली २१.

पडवीची खिडकी. आता झोपायच्या खोलीची एक आणि बाळाच्या खोलीची एक, एवढ्या दोनच उरल्या. लहान खोलीचं दार बंद ठेवतो, चुलीची पाठ त्या भिंतीला आहे. तिथे एकवीस आहे! खरेखुरे! मी स्वतः स्वयंपाकघरात, टोपी, कोट आणि लोकरी बुटांत झोपतो. लहान खोलीत झोपत नाही, उगाच दार उघडलं तर ऊब जाईल. पाळणा मांडला. माझ्या आईचा. दिवसातून एकदा दाराची फट करून थर्मामीटर बघतो आणि पटकन लावून घेतो.

मला भीती वाटते. ही गोष्ट इथेच लिहितो आणि पान उलटतो.

२३ डिसेंबर
बाहेर उणे ५४.

आज चुलीला घास दिला. धिरड्याचा तुकडा, वर लोणी. ओग्दो रोज द्यायची, मी म्हणायचो, अंधश्रद्धा. आज म्हटलं, बये, चुकलो. म्हणजे सगळंच माझं चुकलं असं नाही, कालवडीचंही चुकलं, कुत्र्याचंही. पण पोरगी येतेय. पाच दिवस सांभाळ. आगीने लोणी घेतलं, उत्तर दिलं नाही.

मग ठरवलं. जाऊन सरळ म्हणायचं, प्रोकोपी, बर्फ दे. तीन शब्द. एकशे चाळीस पावलं चाललो. त्याच्या अंगणात लाद्यांचे दोन ढीग, मचाणावर, माझ्या डोक्याच्याही वर. एका घराला एवढा बर्फ! हावरटपणालाही काही हद्द असते. प्रोकोपी बाहेर आला. म्हणाला, बोला मास्तर. मी म्हटलं, गारठा आहे. तो म्हणाला, आहे. मी म्हटलं, काडेपेटी आहे का? त्याने काडेपेटी दिली. मी परत आलो.

२४ डिसेंबर
पुन्हा गेलो. त्याने विचारलं, काय हवंय? मी ट्रॅक्टरच्या बॅटरीची चौकशी केली. वाट बघत उभा होता तो, हे मला दिसत होतं. त्यामुळे तर अजिबातच बोलता येईना. सातवीत त्याला मी फळ्यापाशी अर्धा तास उभं केलं होतं, एक सूत्र येत नव्हतं म्हणून.

दुसरी काडेपेटी घेऊन आलो.

२५ डिसेंबर
झोपायच्या खोलीची.

ओग्दोचा फोन. म्हणाली, परवा निघतो, सगळं ठीक ना? मी म्हटलं, लहान खोली बावीस. तिने विचारलं, आणि बाकीचं घर? मी म्हटलं, बाकीच्या घरात बाळ कुठे झोपणार आहे? म्हणाली, म्हाताऱ्या, खरं सांग, अजून वेळ आहे. फोनची बॅटरी थंडीने गेली. म्हणजे मी काढली.

२७ डिसेंबर, सकाळ
बाहेर उणे ५४. आत ७. लहान खोली २२!

बावीस! साडेसहा वाजता पाहिलं, बावीस. दहाला पाहिलं, बावीस. खिडकीतली गवताची काडी उन्हात चमकते. त्या शहरातून निघाल्या, उद्या दुपारपर्यंत पोचतील. एकच दिवस! मी जिंकलो.

२७ डिसेंबर, दुपार
कुबा खाली बसलीय. उठत नाही. कालपासून गोठ्यात नुसतं हिमाचं पाणी ठेवलं होतं, तिने तोंड लावलेलं नाही. नाक कोरडं, कान गार. पोटावर हात ठेवला. आतलं वासरू हललं.

गोठ्यात तिच्याजवळ बसून राहिलो. म्हटलं, कुबा, उद्या दुपारपर्यंत. उद्या त्या आल्या की सगळं करतो. ती ऐकत नव्हती. जीभ बाहेर काढून भिंतीवरचं हिव चाटत होती.

२७ डिसेंबर, साडेतीन
लहान खोलीची खिडकी काढली.

कुऱ्हाडीच्या पाठीने कडा फोडल्या, लादी कवेत धरून गोठ्यात नेली. तुकडे मोठ्या पातेल्यात, कोमट केलं. कुबा एक बादली प्यायली. दुसरी प्यायली. मग उठली. तिसऱ्या बादलीत ती गवताची काडी तरंगत होती. तीही तिने खाल्ली.

लहान खोली ११. पाळण्याच्या दांडीवर दव धरलंय, गोठतंय.

२८ डिसेंबर
बाहेर उणे ५१.

दुपारी एक वाजता गाडीचा आवाज आला. धावत बाहेर गेलो. गाडी माझ्या दारावरून पुढे गेली आणि प्रोकोपीच्या दारात थांबली. धुक्यात ओग्दोची पाठ दिसली आणि कुन्नेइच्या हातातलं गाठोडं.

एकशे चाळीस पावलं.

ओग्दो अंगणातच भेटली. मला वरून खालपर्यंत बघितलं. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही. म्हणाली, किती वाळलास रे. मग मागच्या ढिगाकडे हात केला. त्याच्या वरच्या लादीवर कोळशाने लिहिलं होतं, मास्तर. म्हणाली, तुझाच आहे. चार नोव्हेंबरला तू घरी गेल्यावर प्रोकोपीने दुसरी खेप काढली, मीच सप्टेंबरात सांगून ठेवलं होतं. पण म्हटलं होतं, त्याने मागितल्याशिवाय देऊ नकोस, एकदा तोंडाने मागू दे. प्रोकोपी मान खाली घालून म्हणाला, मास्तर, मी रोज वाट बघितली हो. काडेपेट्या माझ्याकडच्या पण संपल्या.

मी म्हटलं, खिडक्या चालल्या होत्या. ओग्दो म्हणाली, हो, प्रोकोपीने कळवलं होतं, तू त्या काढल्या तेही. त्या बसवल्या, तेवढं एक चांगलं केलंस.

गायी आजच प्रोकोपीच्या गोठ्यात हलवल्या. त्याच्या चारी भिंती सारवलेल्या आहेत. कुबा चालत गेली, माझ्याकडे वळून न बघता. आमचं घर उद्या बंद करायचं. मेपर्यंत मी प्रोकोपीच्या मागच्या खोलीत. यावर माझं मत कोणी विचारलं नाही.

प्रोकोपीच्या घरात ऊब होती. माझा चष्मा पांढरा झाला. पुसला तर समोर ती, चुलीशेजारी, आईच्या मांडीवर. जागी. मी काहीतरी म्हणालो, तिने मान वळवली. कुन्नेइने तिला उचलून माझ्यापुढे केलं. मी हात पुढे केले. ओग्दोने माझी बोटं धरली आणि म्हणाली, अरे, ही काय लाकडं आहेत, आधी गरम कर, मग घे.

चुलीपाशी उभा राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हात चोळले, फुंकर घातली, काखेत घातले. गालाला लावून बघितले. पुन्हा शेकले. मागे सगळे हळू आवाजात बोलत होते. अर्ध्या तासाने वळलो तेव्हा ती झोपली होती.

आत, म्हणजे प्रोकोपीकडे, २४. माझे हात अजून गार.